बशीतले ठिपके

भास्कर मापारीच्या गळ्यात शिंप्याचा टेप लोंबत असायचा. मेहकरच्या बसस्टँडमागच्या त्याच्या दुकानात नव्यानं आलेला एखादा माणूस त्याला टेलरच समजे आणि पँटची उंची कमी करून मिळेल का म्हणून विचारी. भास्कर त्याला नाही म्हणत नसे. "पँट नाही जमत, छाती मोजून देतो," म्हणे, आणि समोरचा काही बोलायच्या आत टेप त्याच्या काखेखालून फिरलेला असे. "घ्या श्वास. आनखीन घ्या. सोडू नका ना बाप्पा. हां. पाच सेंटीमीटर पाह्यजे, तुमची तीनच फुगून राह्यली. फुटाने खात जा."

त्याची स्वतःची छाती मात्र ऐनवेळी फुगली नव्हती. जानेफळचा हा पोरगा, सैन्यात जायचं म्हणून गावच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं पळाला. उंचीत बसला, पळण्यात सगळ्यांच्या पुढे राहिला, आणि दर भरतीत छातीपाशी अडला. शेवटी वय निघून गेलं. "अर्ध्या बोटानं राह्यलो मी फौजी व्हायचा," असं तो सांगे, अगदी बस चुकल्यासारखं. सरावासाठी घेतलेला तो टेप गळ्यात राहिला तो राहिलाच.

त्याच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं आणि न लिहायला कारणंही भरपूर होती. मी मेहकरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मी कमी बोलतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सरांचा स्वभावच तसा, असं लोक म्हणतात. इतर ठिकाणी तो स्वभाव असेल. भास्करच्या बाबतीत तो स्वभाव नव्हता.

दुकान होतं प्रोटीन पावडरीचं. आमच्याकडे पोलीस भरती आणि सैन्यभरती म्हणजे घरोघरचं स्वप्न. पहाटे मैदानावर जा, अर्धा तालुका तिथे पळताना दिसेल. या पोरांना ताकदीचे डबे विकायचे, असा भास्करचा धंदा. पण तो विकायचा कसा, ते पाहायला माणसं उगीच दुकानासमोर उभी राहत.

एकदा मी तिथे बसलो असताना साखरखेर्ड्याचा एक भाजीवाला शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी उंच, काटक, पायांत घासलेले बूट. तिचं नाव वैशाली.

"मोठा डबा द्या," बाप म्हणाला. "पोरगी पोलीस होऊन राह्यली."

भास्करनं डब्याकडे पाहिलंही नाही. "काल काय जेवली गं तू?"

"पोळी अन वांग्याची भाजी."

"अन सकाळी पळून आल्यावर?"

"चहा."

"चहावर कोनतं इंजिन चालते का?" मग बापाकडे वळून, "अंडं चालते का घरात?"

"आमच्यात नाही चालत."

"मंग दही, मुगाची उसळ अन मूठभर फुटाने. रोज. महिनाभर द्या अन मंग आना हिले. आता डबा नाही भेटत."

बाप भडकला. "दुकान मांडून बसला अन माल देत नाही. काय मानूस आहे बे हा?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, जणू मी भास्करचा कोणी वडीलधारा आहे. वैशाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. महिन्यानं ती दोघं परत आली. भास्करनं तिचा दंड अंगठ्यानं दाबून पाहिला, "आता खाल्लेलं लागलं अंगाले," म्हणाला, आणि छोटा डबा दिला. मोठा मागितला तरी छोटाच.

असं करून धंदा चालतो का, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "सर, उपाशी पोराले पावडर देनं म्हंजे भिंतच नाही अन रंग देऊन राह्यलो."

पहिली काही वर्षं तो बाहेरच्या कंपन्यांचे डबे विकायचा. प्रत्येक नव्या मालातला एक डबा फोडून आधी स्वतः प्यायचा. एका खेपेला त्याला पावडरीत नुसत्या साखरेची आणि वासाची चव लागली. त्यानं माल परत पाठवला. डीलर फोनवर म्हणाला, "तुला विकायचंय की खायचंय?" भास्कर म्हणाला, "दोन्ही." डीलरनं फोन ठेवला आणि पुढे माल देणंही बंद केलं.

त्यातूनच स्वतःची पावडर काढायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. "आपलंच सोयाबीन सर, इथून जाते, गावं फिरते, अन डब्यात बसून येते. अन आपन त्याले इम्पोर्टेड म्हनतो." त्यानं जानेफळला घराच्या मागं पत्र्याची शेड टाकली. सोयाबीन भाजायचं, दळायचं, त्यात फुटाण्याचं पीठ आणि दुधाची पावडर मिसळायची, असा सगळा खटाटोप सुरू केला.

माझी त्याची ओळख तिथूनच. तो माझ्या घरी आला तो पोट धरून. पहिल्या भट्टीचं पीठ नेमाप्रमाणे त्यानं स्वतः प्यायलं होतं.

"सर, भाजलेलं सोयाबीन खाऊन मानसाचं पोट कायले दुखते?"

मी त्याला समजावून सांगितलं. कच्च्या सोयाबीनमध्ये असं काही असतं की ते पोटाला पचवूच देत नाही. पुरेशी आंच लागली तरच ते जातं. जास्त लागली तर दाणा जळतो आणि त्यातला कसही जातो. दाणा वरून लाल दिसला म्हणून आतून भाजलाच असेल असं नाही.

"मंग समजावं कसं?"

मी कॉलेजातून एक पिवळसर द्रावण तयार करून आणलं. आमच्या घरी कडेचा टवका उडालेली, निळ्या फुलाची एक बशी होती. तिच्यात पीठ पसरलं आणि वर ते पाणी घातलं. थोड्या वेळानं पिठावर लाल ठिपके उठायला लागले, आणि बघता बघता अख्खी बशी लाल झाली.

"सगळं लाल झालं म्हणजे कच्चं," मी म्हणालो. "एकही ठिपका नाही म्हणजे जळालं. इकडेतिकडे चार ठिपके उठले की बरोबर."

भास्कर बशीवर वाकून बघतच राहिला. "म्हंजे हे खरं बोलते," तो म्हणाला.

त्या दिवसापासून आधी स्वतः पिऊन पाहायचा नेम त्यानं सोडला आणि दर भट्टीची एक पुडी माझ्याकडे यायला लागली. कागदी पुडी घेऊन तो स्वतः मोटारसायकलवर येई, व्हरांड्याच्या पायरीवर बसे आणि म्हणे, "सर, पाहून सांगा." आत यायला सांगितलं तरी यायचा नाही. माझ्या बायकोनं, मंगलनं, ती बशी वेगळी काढून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली होती. तिच्याशेजारी द्रावणाची बाटली. मी आत जाऊन पीठ पसरायचो, ठिपके उठायची वाट पाहायचो आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलायचो. एरवी मी 'हो' म्हणतो. भास्करच्या पुडीला मात्र 'हाव' म्हणायचो, त्याला ते आवडायचं म्हणून. तो शब्द ऐकला की तो गुडघ्यांवर हात टेकून उठायचा. माल पॅक व्हायचा तो त्यानंतर. डब्यावर माझं नाव छापायचं त्याच्या फार मनात होतं. मी नको म्हणालो, नोकरीत भानगड नको म्हणून. मग त्यानं दुकानात पुठ्ठ्याची एक पाटी लावली : 'सरनं पाहून दिलेली पावडर'. येणारा-जाणारा ती वाचून मला नमस्कार करायचा. मला ते आवडत नव्हतं असं मी म्हणायचो.

एकदा आम्ही पुण्याला एका प्रदर्शनात गेलो. खाण्याच्या नव्या पदार्थांचं प्रदर्शन होतं आणि भास्करनं एक टेबल घेतलं होतं. पॉलिशच्या बुटातला एक खरेदीदार आणि त्याच्याबरोबरची एक बाई टेबलापाशी थांबली. एका चमच्यात प्रोटीन किती, असं त्यांनी इंग्रजी धाटणीत विचारलं.

"मले तुमच्यासारखं नाही सांगता येत," भास्कर म्हणाला. "पन मुठीभर पावडरीत एका अंड्याच्या वरच ताकद आहे. पिऊन पाहा ना."

"मले," ती बाई शेजारच्याला हळूच म्हणाली, आणि दोघं हसली. भास्करही हसला. हसण्याचं कारण त्याला कळलं नव्हतं. मग त्यानं मान वळवून मला शोधलं. "सर, सांगा ना यांना."

मी शेजारच्या टेबलावर होतो. तिथे मध विकत होते. मी मधाच्या बाटलीमागचा मजकूर वाचत राहिलो. दोन पावलांवरून आलेली हाक मला ऐकू आली नाही, असं मी दाखवलं.

परतीच्या बसमध्ये भास्कर म्हणाला, "तुम्ही नेमके तवाच चहाले गेलते सर. नाही तर तुम्ही बरोबर सांगतलं असतं त्याहिले."

तो मला टोमणा मारत नव्हता. त्यानं मनातल्या मनात खरोखरच मला चहाला पाठवून दिलं होतं. माणसाचं वागणं चुकलं की त्याच्यासाठी एक चांगलं कारण शोधून ठेवायचं, ही भास्करची सवय होती. मी ते कारण तसंच राहू दिलं. ती सवय पुढे कुठे जाऊन पोचणार आहे, हे मला कसं कळणार? पण बसमध्ये मला हलकं वाटलं होतं. तेही लिहायला हवं.

धंदा वाढला. मेहकरच नाही, सिंदखेडराजा, चिखली, पार मोताळ्यापर्यंत भास्करची पावडर जाऊ लागली. डब्यावर काही नाव होतं, पण म्हणायचे सगळे 'भास्करची पावडर' असंच. हातानं फिरवायची जुनी भट्टी पुरेना, तेव्हा त्यानं मोठा फिरता ड्रम घेतला. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आली होती.

त्या आधी तो मला दोनदा म्हणाला होता, "सर, तुमचं ते पानी संपत आलं असन. मी अकोल्याले जाऊन राह्यलो, चिठ्ठी द्या, त्याचं सामान घेऊन येतो."

दुसऱ्या वेळी मी त्याला म्हणालो, "त्यातलं तुला काय कळतं? ते माझं मी बघतो."

"हाव सर," तो म्हणाला. आणि मी विसरून गेलो.

भास्कर पुडी घेऊन आला त्या दुपारी माझा मेहुणा आमच्याकडे जेवायला आलेला होता. जेवताना मी त्याला सांगत होतो, की जानेफळच्या एका माणसाचा अख्खा कारखाना माझ्या एका शब्दावर चालतो. मी फार कमी बोलतो, पण हे बोललो होतो. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

भास्कर पायरीवर बसला. पुडी माझ्या हातात देताना म्हणाला, "सर, नव्या ड्रमची पहिलीच भट्टी आहे. दाने वरून मस्त लाल झाले, पन मालात ओल होती. जरा नीट पाहा."

मी आत गेलो. बाटली उचलली. तळाशी पिवळ्या डागाचं कडं होतं, बाकी बाटली कोरडी.

बाहेर जाऊन 'संपलंय' एवढं म्हणायचं होतं. भास्कर एका शब्दानं बोलला नसता. गाडीला किक मारून अकोल्याला गेला असता आणि भट्टी एक दिवस थांबली असती. पण ज्याला मी तुला काय कळतं म्हणालो होतो, त्याच्यासमोर हे कबूल करावं लागलं असतं, आणि आत मेहुणा सगळं ऐकत होता. मी पुडी उघडली. बशीत पीठ पसरलं. वास घेतला, तो भाजल्यासारखा होता. मग ठिपके उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी त्या कोरड्या पिठासमोर उभा राहिलो.

खोटं बोललो ते एका शब्दाचं. पण ते उभं राहणं मला त्याहून जास्त टोचतं. त्या वेळात मला परत फिरता आलं असतं, आणि मी तो वेळ माझा शब्द खरा वाटावा म्हणून वापरला.

बाहेर आलो आणि "हाव" म्हणालो. भास्कर गुडघ्यांवर हात टेकून उठला.

भरतीच्या चाचणीला भास्कर दर वेळी जीप करून पोरांबरोबर बुलढाण्याला जायचा. त्या खेपेला मलाही घेऊन गेला. "सर, पाहा तरी तुमची पोरं कशी पळतात." पोरांनी आदल्या संध्याकाळी आणि पहाटे पावडर घेतली होती. काहींनी तर ताकद जास्त मिळावी म्हणून दुप्पट. मैदानावर उजाडेपर्यंत दोन पोरं कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसली होती, एकाला उलट्या होत होत्या, आणि बाकीची संडासासमोर रांगेत.

वैशालीनं आपलं पोट दुखतंय हे कोणाला सांगितलं नव्हतं. तिची ती शेवटची भरती होती, वयाची मर्यादा संपत होती. ती सुरुवातीला सगळ्यांत पुढे होती. भास्कर जाळीला तोंड लावून उभा होता, टेपचं टोक मुठीत आवळून. दुसऱ्या फेरीत ती एकाएकी कमरेत वाकली. पुन्हा सरळ झाली, थोडं पळाली, परत वाकली. मग मैदानातच बसली. बाकीच्या पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या.

परतताना जीपमध्ये पोरं एकमेकांना टेकून बसली होती. माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहकरच्या मैदानावर पोरांचे आईबाप जमले. कोणी बोलावलं नव्हतं. भास्कर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मी मागे, निंबाखाली.

"सोयाबीन कच्चं राह्यलं," तो म्हणाला. "मी काल रात्री एका डब्यातलं पेलो, माह्यंही पोट धरलं. चूक माही आहे. मी घरोघर येऊन डबे परत नेतो."

वैशालीचे वडील पुढे आले. "पन सरनं तपासलं होतं ना? पाटी लावली ना तुम्ही?"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी तोंड उघडलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. भास्करनं मला तेवढा वेळच दिला नाही.

"सरनं पाह्यलं ते बरोबरच पाह्यलं," तो म्हणाला. "सर चुकत नाहीत. त्या दिवशी शेडमध्ये जुन्या भट्टीचं पीठही उघडं होतं. माह्याच हातानं त्यातली पुडी बांधल्या गेली असन. नव्या ड्रमची समजून जुन्याची घेऊन गेलो मी सरकडं. दुसरं काही होऊच शकत नाही."

सर 'हाव' म्हणाले आहेत, म्हणजे पुडी चांगलीच असणार. पुडी चांगली आणि माल कच्चा, म्हणजे पुडी बांधणारा हात चुकला. असा त्याचा हिशेब. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास होता की तो खरा ठरवायला त्यानं स्वतःच्या हातावर एक चूक ठेवून दिली. मी निंबाखाली उभा राहिलो. कोणी मला काही विचारलं नाही. उलट जाताना एकजण म्हणाला, "सर, तुमची काय चूक त्यात."

त्यानं खरंच घरोघर जाऊन डबे गोळा केले. शेडमागे खड्डा खणून सगळी पावडर पुरली. दुकानातली पाटी काढली, आणि मला येऊन सांगितलं, "काढली सर. तुमचं नाव कायले उगीच लोकांच्या तोंडी." ड्रम खामगावच्या एका फुटाणेवाल्याला देऊन टाकला. मी त्याला म्हणालो, पुन्हा सुरू कर, एक भट्टी बिघडली म्हणून काय झालं. तो म्हणाला, "भट्टीचं नाही सर. भट्टी बिघडते. पन मी कोनती पुडी बांधतो तेच मले समजून नाही राह्यलं. अशा मानसानं दुसऱ्याच्या पोटात काही घालू नये."

एक वाक्य होतं माझ्याकडे, त्याला परत उभं करणारं. ते मी काही वर्षं सांगितलं नाही. आधी वाटलं, लोक शांत झाले की सांगू. मग वाटलं, आता शांत झालेत तर कशाला. रस्त्यात भेटला की तो वाकून नमस्कार करायचा आणि मी घाईत असल्यासारखं दाखवायचो.

तो पुन्हा बाहेरच्या कंपन्यांचे सीलबंद डबे विकायला लागला होता. एका दुपारी मी औषधं आणायला बाजारात गेलो आणि त्याच्या दुकानासमोर थांबलो. एक हडकुळा पोरगा काउंटरशी उभा होता. त्यानं मोठा डबा मागितला. भास्करनं फळीवरून डबा काढून समोर ठेवला. काल काय जेवला, असं त्यानं विचारलं नाही.

"तुम्ही छाती मोजता म्हने?" पोरगाच म्हणाला.

"मोजत होतो," भास्कर म्हणाला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्याच्या गळ्यात टेप नव्हता.

पोरगा गेल्यावर मी आत शिरलो आणि बसलोही नाही.

"भास्कर, नव्या ड्रमची ती पुडी मी तपासली नव्हती."

तो डबे लावत होता. त्याचा हात थांबला.

"बाटली संपलेली होती. तू दोनदा आठवण केली होतीस. मी नुसता आत उभा राहिलो आणि बाहेर येऊन तुला हाव म्हटलं."

त्यानं हातातला डबा फळीवर ठेवला. नाव समोर येईल असा फिरवला. "म्हंजे पुडी नव्या ड्रमचीच होती."

"हो. तू बरोबर पुडी आणली होतीस."

"मी बरोबर आनली होती," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला. "बायकोले सांगे सर मी, माह्यं डोकं आता धड राह्यलं नाही. हातात काय घेतो ते समजत नाही. अकोल्याले डॉक्टरकडं गेलतो. त्यानं डोळे पाह्यले, बोटं नाचवून पाह्यली. काही नाही म्हने. मले वाटलं, त्यालेच समजून नाही राह्यलं."

मी माफी मागितली. कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही.

"काऊन नाही सांगतलं बे?"

भास्करनं मला आयुष्यात एकदाच 'बे' म्हटलं, ते तेव्हा. लगेच त्याच्या लक्षात आलं. चेहरा सावरून त्यानं तेच पुन्हा विचारलं, "तवाच काऊन नाही सांगतलं सर?" या वेळी माझ्यासाठी कारण त्यानं शोधलं नाही.

मग तो म्हणाला, "वैशालीले सांगतलं?"

"नाही."

"तिले सांगा आंधी. माही माफी मागून काय होते? मी थोडाच पळत होतो."

मी साखरखेर्ड्याला गेलो. वैशाली आता गावातल्या मुलींना सकाळी शाळेच्या मैदानावर पळायला शिकवते आणि दिवसभर बापाबरोबर मिरचीच्या वावरात असते. तिच्या वडिलांनी खुर्ची टाकली, पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"भास्करकाकाले सांगतलं का?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"मंग बरं झालं. मी मेहकरले गेली की त्याहिच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाओ. मले पाहून त्याहिले वाईट वाटन म्हून." मग ओढणी सोडून म्हणाली, "तुमच्यासमोर मातर मी दर वेळी थांबली सर. पाया पडली तुमच्या."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी वाट पाहिली, तेही सांगून टाकतो. निघालो तेव्हा तिचे वडील रस्त्यापर्यंत पोचवायला आले नाहीत. आमच्याकडे पाहुण्याला असं कोणी एकटं जाऊ देत नाही.

सोयाबीनची सुगी झाली आणि एका सकाळी भास्करची मोटारसायकल दाराशी थांबली. गळ्यात टेप होता. हातात पुडी नव्हती.

"सर, ते पानी कसं करतात ते शिकवा."

मी शिकवलं. काय किती घ्यायचं, बाटली अंधारात कशी ठेवायची, किती दिवसांनी टाकून द्यायची. त्यानं सगळं दोनदा म्हणून दाखवलं, पोरांसारखं. चहा घेतला. पूर्वीसारखी चेष्टा करायला मी त्याला जागा देऊन पाहिली, त्यानं ती घेतली नाही.

त्यानंतर तो एकदाच आला. हातानं फिरवायची जुनी भट्टी पुन्हा पेटवली होती. खिशातून पुडी काढली आणि अकोल्याहून सामान आणून स्वतः तयार केलेल्या पाण्याची बाटली. नेहमीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "वहिनीले ती बशी मागा ना सर."

मी बशी आणून दिली. माझा हात पुडीकडे गेला.

"तुम्ही बसा सर," तो म्हणाला.

त्यानं पीठ पसरलं. बोटानं सारखं केलं. बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडलं आणि बशी पायरीवर ठेवून तिच्यावर वाकला. मी दारात उभा होतो. उन्हात बशीचं निळं फूल दिसत होतं, मग पिठाच्या एका कडेला एक लाल ठिपका उठला. दुसरा उठला. मधे जरा जागा सोडून आणखी दोन. मग काही उठलं नाही. माझ्या तोंडात तो शब्द आला होता.

"हाव," भास्कर हळूच म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

तो नळावर गेला, बशी धुतली, रुमालानं कोरडी केली. "ही बशी नेऊ का सर? आता शेडमध्येच लागन."

मंगल आतून म्हणाली, "न्या भाऊजी."

त्यानं शर्टाचं वरचं बटण उघडलं, बशी आत छातीशी ठेवली, वरून बटण लावलं, टेप नीट गळ्याभोवती घेतला, आणि गाडीला किक मारली.